टोमॅटोच्या सऱ्यांमधल्या आगवेकर मॅडम

"वनस्पतींची मला फार आवड आहे," संशोधनासाठी प्रवेश घेताना मुलाखतीत मी म्हणाले. समोरच्या डॉ. कुमुद आगवेकर चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "आवड मंडईत जाणाऱ्यांनाही असते. तुम्हाला प्रश्न काय पडलाय?" मी पुन्हा आवडीचंच बोलत राहिले, तरी त्यांनी मला घेतलं. त्या मॅडमना आता पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत.

मॅडमचं आयुष्य वनस्पतींच्या संजीवकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, अभ्यासात गेलं. अळीनं पान कुरतडलं की झाड जॅस्मोनिक आम्ल हे बचावाचं संजीवक तयार करतं. त्याच्या संदेशानं पानात अळीला न पचणारे पदार्थ बनतात. पण वाढीच्या संजीवकांचा जोर ओसरतो. वाढ आणि बचाव यांचा मेळ झाड कसं घालतं, हा मॅडमचा प्रश्न पुढे माझाही झाला.

प्रयोगशाळेत यश आल्यावर, पुण्याच्या हद्दीत आलेल्या एका गावातले शेतकरी ज्ञानोबा कामठे यांच्या टोमॅटोवर आम्ही या आम्लाची फवारणी केली. अळी हटली, पण झाडं खुजी राहिली, फळ बारीक आलं. विभागात कुणी सुचवलं, "अहवालात फक्त अळीचं लिहू." मॅडमनी साफ नकार दिला. मला घेऊन त्या शेतावर गेल्या.

"चूक आमची आहे," त्या कामठ्यांना म्हणाल्या. "झाडाला आम्ही सतत लढायलाच लावलं. वाढायला उसंत दिली नाही."

कामठ्यांनी एक बारकं फळ तोडून हातात फिरवलं. मग म्हणाले, "खरं बोललात, ह्ये बरं हाय. पुढच्या टायमाला दोन सऱ्या देतो. जास्ती मागू नका."

त्या दोन सऱ्यांच्या हंगामात मला आठवा महिना होता. प्रयोग दुसऱ्याकडे जाईल, या धास्तीनं मला झोप लागेना. मॅडमनी घरी फोन केला. "अहो, प्रयोग तुमचाच आहे. तुम्ही स्वतःला जपा, पानं मी तपासते." निवृत्तीला टेकलेल्या मॅडम सदाशिव पेठेतून स्कूटरवरून शेतावर जात राहिल्या. या वेळी फवारणी अळी दिसेल तेव्हाच, तीही बेतानं. झाडं छातीपर्यंत वाढली, फळं भरली, कुरतडलेली पानं तुरळकच. बाळाला पाहायला आल्या तेव्हा मॅडमच्या हातात कामठ्यांनी दिलेले टोमॅटो होते. शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांनी माझं घातलं.

वाढत्या उन्हाच्या तडाख्यात झाडाचा हा मेळ टिकेल का, हा नवा प्रश्न मॅडमनी आता हाती घेतला आहे. "उत्तराला वेळ लागेल," असं त्या म्हणतात. तेवढा वेळ, आणि त्याहून पुष्कळ अधिक, त्यांना ठणठणीत प्रकृतीनिशी लाभो. बोलणी खायला आम्ही सारे विद्यार्थी हजर आहोत.