ओढ्यापलीकडची पोरं

गावात त्यांना थोरल्या बाई म्हणत, कारण त्यांची सख्खी धाकटी बहीण ओढ्यापलीकडच्या वाडीत शिकवायची. तिथे ती धाकट्या बाई. दोघींच्या शाळा दोन-दोन खोल्यांच्या, आणि दोघींच्या डोक्यावर टांगती तलवार एकच. पट घसरला की शाळा बंद.

थोरल्या बाईंची पोरं एकेक करून तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली. तिथे संगणक होते. नोकरीची उरलेली वर्षं कुठल्या तरी अनोळखी गावात काढावी लागणार, या धास्तीने बाईंना अन्न गोड लागेना. मग त्यांना शहरातल्या एका संस्थेचा पत्ता लागला. कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक दुरुस्त करून ही संस्था खेड्यातल्या शाळांना फुकट द्यायची.

बाईंनी तिथले उंबरठे झिजवले. लांबलचक खोलीत संगणकांचे उघडे डबे पडलेले, धुतलेले कीबोर्ड टॉवेलवर वाळत घातलेले, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बाई ताटकळत बसलेल्या.

"बाई, तुमच्या आधी कितीतरी शाळा रांगेत आहेत," व्यवस्थापक समजावायचा.

"तुमची रांग सरकेपर्यंत माझी शाळा उरायची नाही हो," एकदा त्या म्हणाल्या आणि स्टुलावरून उठल्याच नाहीत. त्या दिवशी त्याने होकार दिला.

संगणक आले. पडद्यावर आपलं नाव उमटलेलं पाहून पोरं हरखली, गावभर बोभाटा झाला. गेलेली पोरं काही परत आली नाहीत. आली ती ओढ्यापलीकडची. आईबापच हाताला धरून घेऊन आले. बाई पेन हातात धरून जरा थांबल्या, मग सगळ्यांना दाखल करून घेतलं. कुणाची पोरं आपण घेतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी धाकटी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"ताई, माझी पोरं परत पाठव."

"अगं, दारात आलेल्यांना हाकलू का मी?"

"तुझी शाळा वाचवायला माझीच मिळाली का तुला? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. माझी बदली लांब झाली तर त्यांचं कोण करणार?"

"आत तरी ये. चहा टाकते," बाई म्हणाल्या. धाकटी मागे वळून चालू लागली होती.

सकाळी बाईंनी टेम्पो बोलावला. निम्मे संगणक वाडीत नेऊन द्यायचे होते. पण टेम्पो भरेपर्यंत पालक गोळा झाले.

"बाई, ही शाळेची वस्तू आहे. तुमच्या माहेरची नाही," त्यांचा म्होरक्या म्हणाला. लोक हसले आणि खोकी पुन्हा आत गेली. बाई तशाच शहरात धावल्या. पुढची खेप पुढच्या वर्षी, व्यवस्थापकाने सांगितलं.

वर्ष सरायच्या आत वाडीतली शाळा बंद झाली. धाकटीची बदली इतकी लांब झाली, की सासूबाईंना तिच्या दिराकडे पाठवावं लागलं. तिथे म्हातारी फार दिवस जगली नाही. बाई भेटायला गेल्या, तेव्हा धाकटीच्या जावेने पाण्याचा पेला आणून ठेवला. धाकटी आतल्या खोलीत होती. ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही.

मग वरून हुकूम आला, की बंद शाळेतले बाक थोरल्या बाईंच्या शाळेत हलवावेत. बाई टेम्पोबरोबर गेल्या. फळ्यावर धाकटीच्या अक्षरातला पाढा तसाच होता. बाक बाहेर काढताना दारात एक आई मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली. मुलगी कडेवर मावत नव्हती, तिचा एक पाय अधू होता.

"धाकट्या बाई हिला घरून उचलून न्यायच्या," आई म्हणाली. "आता ओढा ओलांडून कोण नेणार?"

"बघते काहीतरी," बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन-चार जणांकडे शब्द टाकला. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी आलंही नाही. ओढ्याला पाणी वाढलं तशी पलीकडची बाकीची पोरंही येईनाशी झाली. पटावर मात्र नावं होती, म्हणून शाळा वाचली. विजेच्या कमी-जास्त दाबाने संगणक एकामागून एक बंद पडत चालले होते.

एका दुपारी धाकटीने अखेर फोन उचलला.

"कशी आहेस गं?" बाईंनी विचारलं.

"ती पायाने अधू पोर येते का तुझ्याकडे?"

"नाही."



"मग ठेवते," धाकटी म्हणाली.

शेजारच्या खोलीत पोरं चालू असलेल्या एकुलत्या एका संगणकासाठी भांडत होती. बाई फोन मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पोरांना गप्प करायलाही त्यांच्याने उठवेना.