रहीमभाईंनी बिघडवलेली मशीन

जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. ज्यांनी कधी कंदिलाच्या काचा पुसल्या नाहीत, त्यांच्याच दिवाणखान्यात कंदील टांगलेला असतो. त्यामुळे अब्दुल रहीम नावाच्या माणसाकडे त्रेसष्ट जुन्या शिलाई मशीनी आहेत असं ऐकलं, तेव्हा ‘झालं, आणखी एक’ एवढंच माझ्या मनात आलं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे समोरच्याला एका वाक्यात नापास करायची मला सवय आहे. रहीमभाईंच्या बाबतीत ती सवय मला चांगलीच नडली.

त्यांचं घर अमरावतीला, इतवारा बाजाराच्या मागच्या अंगाला. पुढे दोन खोल्या आणि मागे टिनाचं शेड. घरात ते आणि त्यांची बायको हलीमाबी. मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेली, तेव्हा तिची खोली रिकामी झाली आणि पंधरा दिवसांत तिथेही अकरा मशीनी आल्या. हलीमाबी चहा देता देता मला म्हणाल्या, “बाई, पाहुना आला का म्या त्याले मशीनच्या फळीवर बसवतो. दुसरी जागाच नाही.” रहीमभाई हसले. हे बोलणं त्यांनी हजार वेळा ऐकलेलं असावं.

त्यांची सुरुवात एका टेलरकडे काज-बटणं करण्यापासून झाली. पण शिवण्यापेक्षा मशीन उघडून बघण्यात जास्त लक्ष, म्हणून टेलरनं त्यांना हाकललं. मग त्यांनी सायकलला पिशवी अडकवली आणि चांदूर बाजार, अचलपूर, धामणगाव असे बाजाराचे दिवस धरून फिरायला लागले. गावोगाव टेलरांची दुकानं होती. कुठे पट्टा तुटलेला, कुठे दोरा गुंतून बसलेला. पुढे रेडिमेड कपडे आले आणि एकेक दुकान बंद पडत गेलं. एकदा अकोल्यात एका भंगारवाल्याकडे माणूस हातोडा घेऊन एका मशीनवर उभा होता. ती मशीन रहीमभाईंनी ओळखली. एका वारलेल्या टेलरमास्तरांची ती, वीस वर्षं त्यांनीच सांभाळलेली. त्यांनी ती वजनावर विकत घेतली आणि पॅसेंजरमध्ये मांडीवर ठेवून बडनेऱ्यापर्यंत आणली. बाकीच्या बासष्ट तिच्यामागून आल्या.

भंगारातून आणलेली मशीन ते पार सुटी करत. रॉकेलमध्ये भिजवायची, गंज काढायचा, झिजलेला भाग बदलायचा, काळा रंग द्यायचा आणि शेवटी सोनेरी फुलं बारीक ब्रशनं पुन्हा काढायची. काम झालं की मशीनच्या फळीवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून ती जोरात चालवायची. पाणी सांडलं नाही आणि कानाला आवाज आला नाही तर मशीन पास. कोणी आपली मशीन दुरुस्तीला आणली तर त्यांचा एक नियम होता. खोलण्याआधी जिची मशीन तिनं समोर बसून एक टीप मारून दाखवायची.

तो नियम मी मोडायला लावला.

माझी वच्छलामावशी चांदूर बाजारला राहते. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मावशीच माझं माहेर. तिची पायमशीन पन्नास वर्षांची. गल्लीत कोणाकडेही बाळ झालं की बाराव्या दिवशी मावशीच्या हातची कुंची आणि दुपटं पोचायचंच. गेल्या वर्षी तिला पंचाहत्तरावं लागणार होतं, आणि तिची नात आचलही बाळंतपणाला यायची होती. मावशी आठ दिवस रिद्धपूरला देवदर्शनाला गेली, तेव्हा मी आणि तिचा मुलगा किशोर यांनी बेत केला. मशीनचा वरचा भाग खोलून पोत्यात घातला आणि मी तो एसटीनं रहीमभाईंकडे आणला. आठ दिवसांत नवीकोरी करून पाहिजे, म्हटलं.

“बाईले आना ना सोबत,” रहीमभाई म्हणाले. “तिचा हात पाहाले लागते मले.”

“तिला माहीत नाही. कळलं तर मजा काय?”

“मंग आठ रोजात नाही होत.”

मी हटून बसले. शाळेत हेडमास्तरसुद्धा माझ्यापुढे हरायचे, तिथे रहीमभाई काय टिकणार. मान हलवून त्यांनी पोतं आत नेलं.

आठव्या दिवशी मशीन मिळाली आणि मी बघतच राहिले. आरशासारखा काळा रंग, त्यावर सोनेरी वेल. पेल्यातलं पाणी हललं नाही. चांदूर बाजारला नेऊन आम्ही ती जागेवर बसवली आणि मावशी आल्यावर तिला हाताला धरून मशीनपुढे आणलं. तिनं मशीनवरून हात फिरवला, एकदा, परत एकदा, आणि मला विचारलं,

“हे कोनाची मशीन व्हय वं, माया?”

आम्ही सगळे हसलो. तिला आनंदानं काही सुचत नाही असंच आम्हाला वाटलं. किशोर म्हणाला, “चालवून पाय ना, आई.” फोटो काढायला त्यानं मोबाइलही काढला. मावशी बसली, कापड सरकवलं, पाय मारला, आणि तिसऱ्या-चौथ्या टाक्याला सुई तिच्या बोटात गेली.

बोटाला पट्टी बांधून झाल्यावर मी तिच्याजवळ ओट्यावर बसले. तिनं पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “मले दिसत नाही, माया. दोन वर्सं झाले. उजेड समजते, मानूस उभा हाय का बसला तेवढं समजते.”

“मग तू शिवत कशी होतीस? सांगितलं काहून नाहीस?”

“सांगतलं असतं तं तुमी मशीन उचलून नेली असती.” तिनं घराकडे मान वळवली. “अन नेलीच ना.”

दोन वर्षं मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जात होते, तिच्या हातची भाकर खात होते. सुईत दोरा ओवायला ती कोणालाही हाक मारायची. पण त्या वयाच्या सगळ्याच बायका मारतात, असं मी धरून चालले होते. आम्ही तिला अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नव्हती, थेंब टाकून उरलेली तेवढी राखता येणार होती. घरी आल्यावर किशोर सरळपणे म्हणाला, “आई, आता बस कर. बोट गेलं तं? मशीन माळ्यावर ठेवतो मी.” तो वाईट मुलगा नाही, घाबरला होता. मावशीनं वाद घातला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहू लागली, आणि तिला तसं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आचलचे दिवस भरत आले होते आणि कुंची कापलेली नव्हती. किशोरकडून मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आणि मी काय केलं? तडक जाऊन रहीमभाईंशी भांडले. चूक माझी होती हे मला ठाऊक होतं, म्हणूनच आवाज जास्त चढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातलं फडकं खाली ठेवून त्यांनी विचारलं, “सुईच्या बाजूले लाखेचा एक ठिपका होता. तो त्यायनं लावला होता का?”

“मला काय माहीत?”

“मले मळ वाटला. खरडून टाकला मी.” त्यांचा चेहरा उतरला होता. “चाकाले दोरा गुंडाळला होता, तो बी कापला. अन सुईखालची पट्टी एका जागी घासून गेली होती, ते बदलून जुनी भंगारात देली. बाई, त्यायचे डोळे होते ते. म्याच काढून फेकले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडला कुलूप लावून ते माझ्याबरोबर चांदूर बाजारच्या एसटीत बसले. मांडीवर हत्यारांची पिशवी. तासाभरात ते एकदाच बोलले. “चाळीस वर्सं मी हेच करत आलो. आवाज आला का मारून टाकाचा.”

मावशीनं त्यांना पाणी दिलं, पण मशीनपाशी यायला ती तयार नव्हती. “राहू द्या भाऊ. झालं ते झालं.”

“मावशी, मी मशीन सुधराले नाही आलो,” रहीमभाई म्हणाले. “बिघडवाले आलो. कशी बिघडवाची ते तुमाले सांगा लागन.”

मावशीच्या ओठाची एक बाजू हलली. ती उठली.

मग जे सुरू झालं ते मी दारात उभी राहून पाहिलं. मध्ये बोलायचं नाही असं त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी चक्क ऐकलं. त्यांनी मावशीला मशीनपुढे बसवून नुसते हात चालवायला सांगितलं, सुई न लावता. तिचे हात आपोआप जुन्या जागांवर गेले. डाव्या हाताचं बोट सुईशेजारी पट्टीवर गेलं आणि तिथे खाच शोधू लागलं; पन्नास वर्षं तिच्या नखानं ती खाच पाडली होती. रहीमभाईंनी पट्टी काढून कानस घेतली. दोनदा कानस मारायची आणि तिचं बोट धरून ठेवायचं.

“इथं?”

“अजून इकडे. तांदळाएवढं.”

चार वेळा पट्टी बसली आणि निघाली. लाख त्यांनी गॅसवर वितळवून मावशीच्या बोटाच्या मापानं सुईशेजारी टेकवली, म्हणजे कापडाची कड तिला चिकटून सरळ जाईल. चाकाला दोरा बांधला, तो हाताला लागला की सुई वर आहे असं कळायचं. माझ्याच पैशानं लावलेला तो आरशासारखा रंग हत्यारांनी ओरखडला जात होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आवाजानं मात्र दमवलं. जुन्या मशीनमध्ये दोरा फिरवणारं शटल झिजून ढिलं झालं होतं आणि प्रत्येक टाक्याला खट असं वाजायचं. मावशी ते मोजायची; वीस खट म्हणजे दोन बोटं शिवण. ते शटल रहीमभाईंनी टाकलं नव्हतं, पिशवीतून काढून बसवलं. आवाज आला.

“हा नोहे,” मावशी म्हणाली. “हा मेलेला हाय.”

त्यांनी तेल पुसलं. एक स्क्रू ढिला केला, मग दुसरा. मावशी नाही म्हणत राहिली. किशोर जेवायला घरी आला, बघून आत गेला. दुपार झाली. रहीमभाईंच्या मानेवरून घाम चालला होता आणि मला वाटलं, आता हा माणूस हात टेकणार. त्यांनी आणखी काहीतरी पाव फेरा फिरवलं आणि म्हणाले, “मारा पाय.”

खट. खट. खट. मावशी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिचा पाय थांबलाच नाही, आणि ओठ मोजायला लागले. किशोर ताटावरून उठून दारात आला.

तिनं मला सुई ओवायला लावली. आतून कापडाचा तुकडा मागवला, कुंचीसाठी काढून ठेवलेल्या जुन्या लुगड्याचाच. एक लांब टीप मारली, दोरा दातानं तोडला. मग तिनं जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. गेली दोन वर्षं तिनं आपलं काम तपासायला कोणाच्या डोळ्यांपुढे धरलं नव्हतं. आता तिनं तुकडा रहीमभाईंच्या दिशेनं पुढे केला आणि विचारलं, “सरळ हाय का, भाऊ?”

माझ्या तोंडात ‘एकदम सरळ’ आलंच होतं. किशोरच्याही आलं असणार. रहीमभाईंनी तुकडा उजेडात नेला, चष्मा वर केला आणि सावकाश पाहिला.

“शेवटचे चार टाके वाकडे हायेत,” ते म्हणाले.

मी डोळे मिटले. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. पण मावशीचा चेहरा उजळला होता. हात पुढे करून तिनं कापड परत मागितलं.

“कोन्या बाजूले गेले?”

“डाव्या.”

नखानं तिनं ते चार टाके उसवले, कड लाखेला टेकवली आणि पुन्हा पाय मारला. पुन्हा तुकडा पुढे केला.

“आता?”

रहीमभाईंनी पुन्हा तितकाच वेळ घेतला. “आता सरळ हाय, मावशी.”

“मंग किशोर,” ती वळून म्हणाली, “ते लुगडं पुरं आन. आचलची कुंची कापाची हाय.”

किशोर लुगडं आणायला आत गेला.