विहिरीच्या मुरमावरची धायटी

आमची वरवट बकालची काळी जमीन म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. मी मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या खडकाळ गावातली. नवी नवरी होते तेव्हाच त्यांनी मला विचारलं होतं, "तुया माहेरी गोट्याबिगर काय पिकते वं?"

"फुलं," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

खोटं नव्हतं ते. आमच्या शेतातल्या खडकाळ बरडावर डोक्याएवढ्या उंचीची झुडपं होती. होळी जवळ आली की त्यांच्या फांद्या बारीक, लाल, नळीसारख्या फुलांनी भरून जायच्या. फूल तोडून बुडाशी चोखलं की जिभेवर गोड थेंब यायचा. भाऊ आणि मी शाळेची घंटा विसरून तिथंच रमायचो. त्याला आम्ही चोखफुलं म्हणायचो. खरं नाव काय, हे विचारायची गरज कधी पडली नाही.

सासरी आल्यावर पडली. मी वर्णन केलं आणि आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेनं शेगावच्या नर्सरीतून लाल फुलांचं रोप आणलं. निघाली बागेत शोभेला लावतात ती एक्झोरा! मी दोन दिवस अबोला धरला. पुढं कधीतरी शेगावलाच दर्शनाला गेलो असताना काष्ठौषधीच्या दुकानात पोत्यात वाळलेली फुलं दिसली. रंग तोच होता. न विचारताच एक तोंडात टाकलं, तर तुरट लागलं. दुकानदार हसला. "धायटी हाय थे, बाई. काढ्या-आसवात टाकतेत. डोंगरातून येते, लावत कोणी नाही." मला मात्र हरवलेलं माणूस सापडल्यासारखं झालं.

आई-वडील गेले आणि त्यानंतर भावाचा फोन आला. बरड सपाट करून तो संत्रा लावणार होता. त्याचंही बरोबर होतं, फुलं चोखून लेकरं शिकत नाहीत. पण माहेरी माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. मी गेले आणि मुळाभोवतीच्या मातीसकट एक लहान झुडूप घेऊन आले.

लावलं अंगणातल्या सगळ्यात सुपीक कोपऱ्यात. शेणखत घातलं, रोज पाणी घातलं. अति तेथे माती, दुसरं काय! आषाढात काळ्या मातीत पाणी साचलं, पानं गळाली, मुळं कुजायला लागली. "आमच्या जमिनीत मेलेलं झाड म्या आजलोक पाह्यलं नाही," असं म्हणत सासूबाईंनी ते उपटलं आणि विहिरीमागच्या ढिगावर फेकलं. विहीर खोदताना निघालेला मुरूम होता तो. मी त्या दिवशी जेवले नाही. माझं माहेर उकिरड्यावर गेलं, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर धुणं वाळत घालताना सहज तिकडं पाहिलं, तर मुरमात अर्धवट गाडल्या गेलेल्या त्या खोडाला कोंब फुटलेले. खत नाही, पाणी नाही. मी कुणाला बोलले नाही. सासूबाईंचं तिकडं लक्ष नसेल, असा माझा समज होता.

पुढच्या उन्हाळ्यात दिरानं तो मुरूम न्यायला ट्रॅक्टर बोलावला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून उठणार, तोच बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"ढिगाले हात लावू नोको बे! माह्या सुनेचं माहेर हाय त्याच्यावर."

कणकीच्या हातानंच डोळे पुसले मी. त्या आत आल्या, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "रडून काऊन राह्यली वं? चाय मांड."

सासूबाई आता नाहीत. भावाच्या बरडावर संत्र्याची बाग आहे. फाल्गुनात तो आला की चहाच्याही आधी विहिरीमागं जातो. आम्ही दोघं पिकल्या केसांनी फुलं चोखत उभे राहतो. तो आईच्या गोष्टी काढतो. मी हो हो म्हणते, पण मला तिथं सासूबाईच आठवतात.