वळणावर बंद पडणारी जीप

माझ्या गोंडपिपरीच्या गॅरेजात भुताने धरलेली अशी एकच गाडी आली. जुनी डिझेल जीप. मालक जंगलातल्या गावचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की थेट चंद्रपूरला आणा. गावात गाडी तेवढीच.

"जंगलातल्या वळणावर बंद पडते, भाऊ. तिथीच. दुसरीकडं कुठी नाई."

"तिथं काय आहे?"

"माही बायको."

मोहफुलं वेचताना तिला वाघाने तिथून नेलं होतं. आता ती लेकीला बोलावते आहे, असं गावात बोलत होते. लेक गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती.

आमच्या बौद्ध घरात भूतखेत कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही, आणि असलं काही ऐकलं की माझं डोकं सणकतं. मी तावातावाने स्कॅनर जोडला. कोड निघाला क्रँक सेन्सरचा. इंजिन फिरतंय, हे गाडीच्या मेंदूला हा सेन्सर सांगतो. तो गप्प बसला की गाडी चालू होत नाही. बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही स्कॅनर दाखवतो. इंजिन तापलेलं, आणि वेग शून्य. म्हणजे चालती गाडी बंद पडलीच नव्हती.

"भाऊ, खरं सांगा. गाडी बंद पडते, की तुम्ही बंद करता?"

"मीच करतो नं," तो म्हणाला. मी काय विचारतोय हेच त्याला कळेना. "तिच्यासमोरून आवाज करत कसा जाऊ? डहाळी ठेवतो, हात जोडतो. मंग चाबी फिरवली का चालूच नाई होत."

वाघाने माणूस नेलेल्या जागी इकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण हिरवी डहाळी ठेवतो. पण इंजिन बंद करून थांबणारा हा एकटाच, आणि ते थांबणं त्याच्या लेखी थांबणं नव्हतंच. इंजिन बंद केलं की तापलेला सेन्सर मुका व्हायचा, निवला की पुन्हा बोलायचा. भूत सापडलं म्हणून मी मोठ्याने हसलो. तो हसला नाही.

सेन्सर बदलला आणि भर दुपारी आम्ही दोघं गाडी तपासायला निघालो. माझी हत्यारांची पिशवी मागच्या सीटवर टाकायला गेलो, तर तो म्हणाला, "तिथी नको. मांडीवर घ्या." मी निमूट घेतली.

वळणावर त्याने इंजिन बंद केलं. वाळक्या डहाळ्यांचा कमरेएवढा ढीग होता. त्याने वर एक हिरवी ठेवली. रानात पाखरूही बोलत नव्हतं. वारा नव्हता, तरी ढिगातलं एक पान हललं. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याचा मला भयंकर राग आला.

"येतो वं," तो ढिगाकडे बघून म्हणाला आणि गाडीत बसला. चाबी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं.

तो स्टिअरिंग धरून तसाच बसला.

"आता पोरीले घेऊन जाईन तवा नाई ना थांबवणार?"

"नाही."

"अन् मी एकटा असलो तवा?"

"तेव्हाही नाही, भाऊ. सेन्सर नवा आहे."

त्याने मान डोलावली. "गाडी चालू होयेपर्यंत माही बायको बोलत बसे माह्यासंगं," तो म्हणाला. "मले वाटे, जाऊ नाई देऊन राह्यली."

गाडी चांगली झाली होती. लेक वेळेवर पोचणार होती. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.

त्याने चाबी उलटी फिरवली. इंजिन बंद झालं. मग त्याने आरसा थोडा मागच्या सीटकडे वळवला आणि हळू आवाजात लेकीची तब्येत सांगू लागला. मी पिशवी घट्ट धरून समोर बघत बसलो. त्याचं बोलणं संपेपर्यंत मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.