बाबांच्या बोलण्याचा प्रोग्राम

दिवाळी होऊन गेल्यावर बाबांना पक्षाघाताचा झटका आला. पाय लवकर सुधारला, उजवा हात थोडा अधू राहिला, पण बोलणं गेलं. घशाला काही झालं नव्हतं, आवाज होता. शब्द येत नव्हते. चहाचा कप पुढे केला तर तो काय आहे, हवा की नको, सगळं त्यांना कळायचं. तोंडातून मात्र "ते... ते..." एवढंच यायचं. मग ते डोळे मिटून घ्यायचे आणि कप तसाच निवत राहायचा.

गुहागर तालुक्यातल्या शाळांमधून त्यांनी मुलांना वाचायला-लिहायला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर रत्नागिरीत घर बांधलं. वाडीतले लोक त्यांना गुरुजी म्हणतात आणि कुणाच्या अर्जातली वाक्यं नीट करायची असली की अजून आमच्याकडे येतात. म्हणजे यायचे.

एका रविवारी आम्ही त्यांना विहारात घेऊन गेलो. वंदना सुरू झाली आणि बाबा सगळ्यांबरोबर म्हणायला लागले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न अडखळता. आईनं माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर एका शेजाऱ्यानं आनंदानं विचारलं, "गुरुजी, आता बराय ना?" बाबांनी तोंड उघडलं. "ते... ते..." डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की वर्षानुवर्षं पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं, स्वतःचं वाक्य जुळवायला दुसरी वाट लागते, आणि ती वाट बंद झाली आहे. थोडीफार उघडेल. किती ते सांगता येत नाही.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी चित्रांचा एक पुठ्ठा दिला. ताट, पेला, पलंग, संडास. हवं त्यावर बोट ठेवायचं. बाबांनी तो पुठ्ठा एकदा नीट पाहिला आणि पालथा घालून ठेवला. बाई गेल्यावर आई म्हणाली, "बालवाडीतल्या पोरासारखा वाटला असेल त्यांना."

माझा धाकटा भाऊ मुंबईला असतो. त्यानं फोनवर घालायला एक अ‍ॅप पाठवलं. चौकोनाला हात लावला की आतली बाई बोलायची. "मला तहान लागली आहे." बातम्या दिल्यासारखी. बाबांनी फोन माझ्या हातात परत दिला. आई स्वयंपाकघरातून डोकावली. "ही कोण बाई आली गो घरात?"

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. दुकानदारांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात पडद्यावर जे दिसतं त्याचा कोड मी लिहिते. शोधता शोधता मला एक लहानसा प्रोग्राम सापडला. लांबच्या कुठल्यातरी देशातल्या माणसानं तो आपल्या आईसाठी लिहिला होता आणि कुणीही फुकट घ्यावा म्हणून ठेवून दिला होता. त्यात शब्द आपले भरायचे, आवाजही आपला. तसं मी स्वतःही काहीतरी खरडलं असतं. पण हा माणूस तशा आजाऱ्याबरोबर राहिला होता, हे जागोजागी कळत होतं. बोट थरथरलं तरी चौकोन ओळखायचा, चुकून दोनदा लागलं तर एकदाच बोलायचं, आणि बोट उचलेपर्यंत वाट पाहायची. हे मला घरी बसून सुचलं नसतं.

अडचण एवढीच, की तो तयार प्रोग्राम नव्हता, नुसता कोड होता. माणसानं लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायला कंपायलर लागतो. मी इतकी वर्षं कोड लिहिते आहे, पण कंपायलर मी कधी बसवला नव्हता. ऑफिसचा लॅपटॉप यायचा तोच सगळं बसवून. आता माझ्यापुढे होता चिपळूणच्या मावसभावानं दिलेला जुना लॅपटॉप. पडद्याला हात लावून चालायचा म्हणून मागून घेतला होता.

दुपारी जेवणानंतर मी तो खिडकीजवळच्या टेबलावर मांडला. बाबांची खुर्ची तिथेच असते. मी कंपायलर उतरवून घेतला, बसवला आणि पहिली आज्ञा टाइप केली. उत्तर आलं, की असा कुठला प्रोग्राम इथे नाही.

"आत्ताच तर बसवला," मी मोठ्यानं म्हणाले.

बाबांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

पुढे कळलं, की बसवून भागत नाही. आज्ञा दिली की संगणक ठरलेल्या काही जागांमध्येच शोधतो आणि त्या जागांच्या यादीत नवी जागा आपण घालावी लागते. ती घातली. मग कंपायलर सापडला, पण भलताच. मावसभावानं डिप्लोमाला असताना कधीतरी एक बसवला होता, तो यादीत वरती होता. मी नव्याला हाक मारली की हा म्हातारा कंपायलरच "ओ" द्यायचा. त्याला कोडमधल्या निम्म्या गोष्टी ठाऊकच नव्हत्या. पडदा भरून लाल ओळी आल्या. बाबांनी "च्च" केलं.

हा "च्च" मला लहानपणापासून ओळखीचा. गणित चुकलं की यायचा.

जुना कंपायलर काढून टाकला. मग आवाज वाजवण्यासाठी लागणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, नाही, अशी तक्रार आली. ती आणली, तर ती दुसऱ्या जातीच्या कंपायलरसाठी होती. दोघांचं जमेना. योग्य ती मिळाली, तोवर वीज गेली. पुढचे कितीतरी दिवस दुपार अशीच जायची. ऑफिसचं काम आटोपलं की मी त्या टेबलाशी बसायचे. बाबा आधीच येऊन बसलेले असायचे.

भावाला फोनवर सांगितलं तर तो वैतागला. "ताई, कशाला डोकं फोडत्येस? दुसरं अ‍ॅप बघू की."

"त्यात आपला आवाज नाही घालता येत."

"बाबांना शब्द हवेत. आवाज कुणाचा का असेना."

मला ते पटलं नाही. फोन ठेवून मी पुन्हा टेबलाशी जाऊन बसले.

त्या दुपारांमध्ये आमच्या घरात काहीतरी बदलत होतं, आणि मला ते उशिरा कळलं. आजारपणापासून घरात अडकणारे एकटे बाबाच होते. ते अडखळायचे आणि आम्ही सगळे थांबायचो, तोंडाकडे बघायचो, घाई करून शब्द पुरवायचो. आता अजून कुणीतरी अडकलं होतं. मी चरफडायचे, डोकं धरायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे आणि ते शेजारी बसून बघायचे. एकदा लाल ओळी आल्यावर त्यांनी डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं. झटक्यानंतर पहिल्यांदा कुणाची तरी समजूत काढायची पाळी त्यांच्यावर आली होती.

मला तेव्हा बाबांच्या डोक्याची आणि या यंत्राची तुलना सुचली नाही असं नाही. शब्द आत आहेत आणि तिथवर जायची वाट नाही, असं डॉक्टर म्हणालेच होते. पण ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. यंत्र निदान काय सापडत नाही ते लिहून तरी दाखवत होतं.

शेवटी सगळ्या फाइली एकेक करून कंपाइल झाल्या. आता फक्त त्या एकत्र जोडायच्या होत्या. तिथे पुन्हा लाल ओळ आली, एकच. फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती. मी नाव तपासलं, पुन्हा उतरवून घेतली, लॅपटॉप बंद करून सुरू केला. तीच ओळ. दोन दुपारी त्यात गेल्या. भावाचंच खरं होतं, असं वाटायला लागलं.

बाबांनी पुढे वाकून डावं बोट पडद्यावर ठेवलं. फाइलच्या पत्त्यात मधेच प्रश्नचिन्हांची रांग होती, त्यावर. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ते?" त्यांनी विचारलं.

नेहमीचाच शब्द, पण सूर प्रश्नाचा.

"ते तुमचं नाव आहे, बाबा," मी म्हणाले. "फोल्डरला मी मराठीत 'बाबांचं बोलणं' असं नाव दिलंय. याला मराठी वाचता येत नाही, म्हणून..."

बोलता बोलता मी थांबले. याला मराठी वाचता येत नाही. मग त्या नावाच्या फोल्डरमधली फाइल त्याला सापडेल कशी?

मी फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत केलं आणि आज्ञा पुन्हा दिली. ओळी सरकत गेल्या, एकही लाल नव्हती. मग पडद्यावर रिकाम्या चौकोनांची एक खिडकी उघडली. मी ओरडलेच. आई हातातला कालथा तसाच घेऊन धावत आली. "काय झाला? काय झाला?" बाबा हसत होते. मराठी शिकवण्यात जन्म गेला आणि शेवटी मराठीच आडवी आली, याचं त्यांना हसू येत असावं. मी विचारलं नाही. आम्ही तिघंही बराच वेळ हसत होतो.

आवाजाचा प्रश्न मात्र राहिला होता. आधी मी माझा भरला. "मी आलो", "मी थकलो" असं माझ्या तोंडून फारच विचित्र वाटायला लागलं. आई म्हणाली, "त्याला बोलव ना. फोनवर त्याचा आवाज ऐकून लोक अजून गुरुजीच समजतात."

भाऊ शनिवारी गाडीनं आला. मी म्हटलेल्या शब्दांची यादी त्यानं वाचायला घेतली. पाणी, चहा, औषध, झोप. आईनं त्याला मधेच थांबवलं.

"पाणी ते हातानं दाखवतात. दाखवता येत नाही ते बोल."

"म्हणजे काय?"

"कशाला. खरं सांग. कोण आलाय. हे काय आणलंस. गप्प बस. मला विचारा."

"हे सगळं?" भाऊ हसला.

"मग? माणूस दिवसभर हेच बोलतो. पाणी पाणी कोण करतो?"

मी आईकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात बाबांचं बोलणं सगळ्यात जास्त तिनं ऐकलं होतं. कुठल्या शब्दाविना त्यांचं अडतंय हे तिलाच ठाऊक असणार, आणि तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आई सांगत गेली, भाऊ बोलत गेला. "असा नाही, जरा रागानं," असं ती मधेच सुधारायची. आंब्यावरची कीड, अर्धवट शिजलेलं भात-कालवण, वर्तमानपत्र उशिरा येणं, सगळ्यावरची बाबांची मतं त्या चौकोनांत गेली. दुपार सरता सरता भावाचा घसा बसला.

बाबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. एक चौकोन दाबला. भावाचा आवाज आला आणि तो थेट बाबांचा वाटला, तरुणपणीचा. ते दचकले. बोट मागे घेतलं. मला वाटलं, आवडलं नाही. त्यांनी बाजूला ठेवून दिला तो आणि संध्याकाळभर पुन्हा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ परत जायचा होता. जेवण झाल्यावर आम्ही दोघं व्हरांड्यात बोलत बसलो. बाबा आत टेबलाशी होते. भावाचं म्हणणं, आई-बाबांना मुंबईला न्यावं. तिथे मोठे डॉक्टर आहेत, उपचार रोज होतील. मी म्हणत होते, त्यांना त्याची मुंबईची एवढीशी खोली सोसणार नाही, इथे निदान माणसं ओळखीची आहेत. बोलणं चढत गेलं.

"तुझ्या नोकरीच्या सोयीचं बोलतेस तू."

"आणि तू? दोन दिवस येऊन ठरवणार?"

"मला विचारा."

आम्ही दोघांनी एकदम मागे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, भावानंच म्हटलं. पण तो माझ्यासमोर तोंड उघडं टाकून बसला होता. बाबांनी पुन्हा चौकोन दाबला.

"मला विचारा."

भाऊ उठून आत गेला. बाबांच्या समोर खाली जमिनीवर बसला. आता त्याचा आवाज बाबांसारखा वाटत नव्हता, बारीक झाला होता.

"बाबा, मुंबईला येता? आमच्याकडे?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"इथंच?"

हो. मग त्यांनी डाव्या हातानं भावाचं डोकं जवळ ओढलं आणि केसांतून हात फिरवला. म्हणजे राग नव्हता. आई दारात उभी होती. "विचारायला किती वेळ लागला बघा," एवढंच ती म्हणाली आणि भावासाठी डबा भरायला आत गेली.

बाबा मुंबईला गेले नाहीत. महिन्यातून एकदा भाऊ येतो. प्रोग्राम अजून चालतो, कधी बंद पडतो, मग मी परत टेबलाशी बसते. उपचारांच्या बाईंनी संगमेश्वरच्या एका घरासाठी त्याची प्रत मागितली. मी तिकडे जाऊन बसवून दिली. तिथल्या आजीचे शब्द तिच्या बहिणीनं सांगितले. त्यात बऱ्याचशा शिव्या होत्या.

बाबांचे काही शब्द आता आपापले येतात. सगळे येणार नाहीत, हे आम्ही धरून चाललो आहोत. संध्याकाळी ते वर्तमानपत्र घेऊन बसतात आणि मथळा मोठ्यानं वाचायला लागतात. अर्ध्यात अडकतात. पुढचा शब्द माझ्या जिभेवर असतो. मी तो गिळते आणि वाट बघते.