चौथं चाक

देवपूरला आमच्या इमारतीखाली कुणी गाडीचा जुना रंग उतरवायचं औषध लावलं, की त्याच्या उग्र वासाने मला आमच्या गावचं, असोद्याचं अंगण आठवतं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भाड्याने जाणारी जुनी गाडी होती. तिच्याच जिवावर मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्या वर्षी दसऱ्याच्या पूजेआधी तिच्या ॲल्युमिनियमच्या चाकांवरचा काळा रंग काढून ती चकचकीत करायचं आबांनी ठरवलं. औषधाने रंगाला फोड आले की मी तो खरवडायचो आणि आबा ओल्या पॉलिश पेपरने घासून वर कापड फिरवायचे. भर उन्हात चौथं चाक लखलखू लागलं, तरी त्यांचा हात थांबेना. मी म्हटलं, ‘आबा, बस करा आते, तोंड दिसी ऱ्हायनं त्यामा.’ ते हसले, ‘थट्टा करस का रे? आजून काळंच शे.’ ‘थट्टा नही, आबा,’ मी म्हटलं, तेव्हा दोष आपल्या नजरेचा आहे हे त्यांना कळलं. त्यांनी कापड खाली ठेवलं, खिशातली किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘आते गाडी तू चालाव.’ आता दर दसऱ्याला चाकं मीच घासतो आणि त्यांचा हात धरून चाकावर ठेवतो. ‘गुळगुळीत शे,’ एवढंच ते म्हणतात. चमकतंय का, असं कधी विचारत नाहीत.