काचेखालचे रायर

तुंगाबाई लग्नाआधी एच. डी. कोटे या गावच्या शाळेत कन्नड शिकवत. अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, या घरात आल्यावर नोकरी सुटली ती "दोन वर्षांपुरती", मुलगी सहना लहान होती म्हणून. सहना मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली, तरी ती दोन वर्षं काही सरेनात. मग सासूबाई, भागीरथीबाई, ज्यांना त्या आत्या म्हणत, अंथरुणाला खिळल्या. आता तुंगाबाईंचं जग म्हणजे देवघर, स्वयंपाकघर आणि आतल्या खोलीतली हाक. "तुंगा, कूस बदल." "तुंगा, पाणी." कोपऱ्यावरच्या देवळात जायचं तरी एक डोळा घड्याळावर.

म्हणून सहनानं फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. एक संस्था परदेशातल्या मुलांना घरबसल्या कन्नड शिकवायला बायका घेत होती. परीक्षा कंप्युटरवरच. चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं, गुरुवारी अकरा वाजता, आणि संधी एकच.

"आत्यांना एवढ्यात सांगू नकोस," तुंगाबाई हळूच म्हणाल्या. "सुम्ने, उगाच डोक्याला ताप होईल त्यांच्या."

पण घोडं अडलं ते माउसपाशी. दोन महिन्यांपूर्वी भागीरथीबाईंना न्हाणीघर जवळ पडावं म्हणून सहनाच्या खोलीत हलवलं, आणि तिथला जुना कंप्युटर हॉलमध्ये मामंजींच्या टेबलावर आला. तेव्हापासून पडद्यावरचा बाण चालता चालता थिजायचा, नाहीतर टुणकन भलतीकडेच उडी मारायचा.

"अम्मा, वायर काढून परत घाल."

"घातली."

"बंद करून चालू कर."

"चारदा केलं गं."

"मग उलटा करून खालचं भोक पूस."

पुसलं. एक केस निघाला, गुण काही आला नाही. यजमानांनी, वेंकटेशरावांनी, माउस खिशात घालून ऑफिसजवळच्या, नजरबाद भागातल्या दुकानात नेला. तिथं तो गल्ल्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर घोड्यासारखा पळाला. तरी नवा आणला. नवाही घरी येऊन रुसला.

"तुझ्या हाताचाच गुण दिसतो," वेंकटेशराव हसले.

"मशीन म्हातारं झालंय," तुंगाबाई म्हणाल्या. "या घरात ज्याला त्याला मीच कूस बदलून द्यायची."

टेबलावर जाड काच होती. काचेखाली मामंजींनी ठेवलेलं राघवेंद्र स्वामींचं, म्हणजे रायरांचं, चित्र. त्यांच्या वेळी वर एक जाड कापड असे. ते गेल्यावर तुंगाबाईंनीच ते काढलं. रायरांना झाकून कसं ठेवायचं? रोज सकाळी त्या काच ओल्या फडक्यानं पुसत, मग कोरड्यानं, आणि गुरुवारी तर आपला चेहरा दिसेपर्यंत.

त्या गुरुवारीही पुसली. आत्यांना पेज भरवली, कूस बदलली, आणि अकराला देवाचं नाव घेऊन बसल्या. प्रश्न सोपे होते. वैरी होता तो बाण. उचल, ठेव, बाबापुता कर, तेव्हा एक उत्तर. एकतिसाव्या प्रश्नावर तो जो थांबला तो थांबलाच. नऊ मिनिटं उरली.

"तुंगा!" आतून हाक आली.

उठलं तर परीक्षा गेली. बसलं तर पाप. आणि बसूनही काय, बाण जागचा हलेना.

"तुंगाऽ! किती वेळ?"

"रायर, आता तुम्हीच बघा," म्हणत त्यांनी मान खाली घातली आणि चरकल्या. माउस नेमका रायरांच्या मुखावर होता. दोन महिने त्या हेच करत होत्या! अय्यो, म्हणून त्यांनी तो झटकन उचलून मांडीवर घेतला, सुती लुगड्यावर. बाण पडद्यावर सरसर धावला.

मांडीवर सरकवला, धावला. काचेवर ठेवला, थिजला. माउसच्या पोटातल्या उजेडाला धरायला खरखरीत काहीतरी लागत होतं, आणि त्या रोज काच आरशासारखी करत होत्या.

आतून हाका येत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा तुंगाबाई उठल्या नाहीत. मांडीवर माउस, डोळ्यांत पाणी, नऊ प्रश्न सोडवले. चाळिसावा राहिला.

धावत आत गेल्या तर चादर ओली, आणि भागीरथीबाईंचं तोंड भिंतीकडे. तुंगाबाईंनी चादर बदलली.

"मेले असते तर?" आत्या भिंतीलाच म्हणाल्या.

"परीक्षा होती, आत्या. शिकवायच्या नोकरीची. लागली तर रोज चार ते सहा."

"आणि चार ते सहा मी काय करू?"

तुंगाबाईंनी ओली चादर उचलली आणि न्हाणीघरात नेऊन भिजत घातली.

चार दिवसांनी निवड झाल्याचा निरोप आला. वेंकटेशराव म्हणाले, "आईला विचार." आईला विचारलं, तर आईनं डोळे मिटून घेतले. तुंगाबाईंनी तो नकार धरला नाही, होकारही धरला नाही. निरोपाला मात्र हो कळवून टाकलं.

पहिल्या दिवशी पावणेचारला त्यांनी आत्यांची कूस बदलली, पाणी हाताशी ठेवलं, दार ओढून घेतलं आणि मांडीवर माउस घेऊन बसल्या. पडद्यावर पहिलं मूल दिसलं, तोच आतून हाक आली.

"तुंगा, झालं का ते सुरू?"

"हो, आत्या."

"मग दार उघडं ठेव. मलाही ऐकू येऊ दे."

तुंगाबाईंनी उठून दार उघडलं. सहा वाजेपर्यंत आत्यांचे डोळे त्यांच्या पाठीवर होते. हाक मात्र एकदाच आली, पाण्याची.